उंच धार

सर माती खायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण कारखान्यात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हेच सांगितलं जायचं, आणि ऐकणाऱ्याला ती थट्टा वाटायची. मलाही वाटली. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी रसायनशास्त्र घेऊन नुकतीच बी.एस्सी. झाले होते आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत, कपबश्या करणाऱ्या एका लहानशा कारखान्यात, प्रयोगशाळेत लागले होते. दहाच्या सुमारास गेटवर मातीचा ट्रक आला. प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे आमचे सर, सावकाश चालत गेले. ताडपत्रीखाली हात घालून चिमूटभर पांढरी माती काढली, समोरच्या दातांमध्ये धरली आणि डोळे मिटून उभे राहिले. ड्रायव्हर, वॉचमन, दोन हमाल, सगळे त्यांच्याकडे बघत. मिनिटभराने सरांनी डोळे उघडले.

"नदीतून आलीय. वाळू राहिलीय पोटात. दोनदा धुवा," म्हणाले, आणि रुमालात थुंकून, रुमालाची घडी खिशात घालून परत आले.

म्हणजे खायचे म्हणणं तसं चूक. चाखायचे. पण कारखान्यात खायचे असाच शब्द पडला होता आणि सरांची त्याला हरकत नव्हती. त्या मातीचा नमुना मी चाळण्यांमधून धुतला, वाळवला, वजन केलं, असे दोन दिवस घालवले, आणि माझं उत्तर आलं ते एवढंच की वाळू जास्त आहे, दोनदा धुवावी. माझी पदवी तेव्हा पहिल्यांदा मला जरा हलकी वाटली.

जिभेसाठी त्यांचे नेम होते. ट्रक येऊन जाईपर्यंत चहा नाही. पान, सुपारी, तंबाखू कधीच नाही. डब्यातली भाजी अळणी. त्यांच्या बायकोला एकदा मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "काय करणार ताई, माझ्या हातच्या चवीपेक्षा त्या ट्रकची चव महत्त्वाची." चहा प्यायचे तो मात्र टाकाऊ कपातून. चिरलेला, कान वाकडा झालेला, असला कप घ्यायचे आणि पिऊन झाला की उजेडासमोर धरून आत बोट घालायचे. बोटाची सावली बाहेरून दिसली की खूश. रोज दिसायची आणि रोज खूश व्हायचे.

उंच, सडपातळ माणूस. भुवयांवर कायम पांढरी धूळ. बोलायचे हळू. त्यांच्याशी बोलताना नेहमी वाटायचं की आपण यांना झोपेतून उठवलंय, आणि यांना त्याचा राग मात्र आलेला नाही.

मी लागून आठवडा झाला असेल. सरांनी मला विचारलं, "मॅडम, केओलिन म्हणजे काय?"

आमची मुख्य माती तीच. पोत्यांवर तेच छापलेलं असायचं. मी रासायनिक सूत्र घडाघडा म्हणून दाखवलं.

"ते मातीचं झालं. मी नावाचं विचारतोय."

नावाला काय अर्थ असणार? असेल काहीतरी लॅटिन, मी म्हटलं.

"डोंगर आहे," सर म्हणाले. "चीनमध्ये. तिथल्या लोकांच्या भाषेत त्याला म्हणायचे उंच धार. डोंगराची धार असते ना, ती. त्या डोंगरातली माती काढून आजूबाजूचे लोक भांडी करायचे. मग परदेशी माणसं आली. माती बघितली, विचारलं ही कुठली. सांगणाऱ्याने डोंगराचं नाव सांगितलं. यांना वाटलं मातीचंच नाव. आता केरळची असो, राजस्थानची असो, पोत्यावर त्या डोंगराचं नाव. डोंगर म्हणे खणून खणून बसला खाली. नाव हिंडतंय अजून."

हे सगळं त्यांनी कॉलेजात असताना, ग्रंथालयातल्या एका फाटक्या पुस्तकाच्या तळटीपेत वाचलं होतं. पुस्तक भूगर्भशास्त्राचं होतं की भांड्यांचं, तेही त्यांना आठवत नव्हतं. तळटीप तेवढी पाठ होती. पुढे सुरतेपलीकडे न गेलेला हा माणूस त्या डोंगराबद्दल असा बोलायचा की जणू आठवड्याच्या सुट्टीला तिकडेच असतो. सकाळी रजिस्टर उघडता उघडता सहज म्हणायचे, "काल परत गेलो होतो वर." म्हणजे स्वप्नात. तिथे धुकं असायचं, पायाखाली मऊ पांढरी वाट असायची, आणि धारेवरून पाट्या घेतलेल्या बायका ओळीने उतरत असायच्या.

"बायका बोलतात कुठल्या भाषेत? चिनी येते का तुम्हाला?" मी मुद्दाम खोचकपणे विचारायची.

"बोलत नाहीत. भरलेली पाटी डोक्यावर घ्यायला दुसरीने हात लावावा लागतो. तेवढं एकमेकींना खुणावतात."

आता सांगायला लाज वाटते, पण मी हे जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना रंगवून सांगायची आणि आम्ही हसायचो.

त्या डोंगरावर अन्याय होतोय असं वाटून की काय, सरांनी रजिस्टरमध्ये केओलिन लिहायचंच सोडलं होतं. ते 'उंच धार' लिहायचे. उंच धार, केरळ, बारा पोती. उंच धार, राजस्थान, ओलसर. मॅनेजरसाहेबांनी कधी रजिस्टर उघडून बघितलं नव्हतं, त्यामुळे सगळं सुरळीत चाललं होतं. मग कारखान्याला गुणवत्तेचं प्रमाणपत्र हवं झालं आणि तपासणीला टाय लावलेला एक तरुण साहेब आला. त्याने मात्र रजिस्टर उघडलं.

"उंच धार हा कच्चा माल तुमच्या मंजूर यादीत नाही."

मॅनेजरसाहेबांनी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "आहे साहेब. यादीत परक्या उच्चारात आहे, इथं अर्थ लिहिलाय."

"अर्थ?"

मग सरांनी त्याला अख्खा डोंगर सांगितला. तो तरुण गालावर पेन टेकवून ऐकत राहिला, मध्ये एकदा म्हणालाही, "खरंच?" आम्हाला वाटलं, सुटलो. सगळं ऐकून घेऊन त्याने वहीत लिहिलं, 'कच्च्या मालाच्या नावात त्रुटी, दुरुस्ती आवश्यक.' दुसऱ्या दिवसापासून सर केओलिन लिहू लागले, पण समासात बारीक पेन्सिलीने 'उं. धा.' असायचंच. मॅनेजरसाहेबांनी मला खोडरबर दिलं होतं. मी ते एकदाही वापरलं नाही.

सरांचं स्वतःचं गाव कळवणच्या पश्चिमेला, डोंगरात. कोकणा आदिवासींची वीसेक घरं. नाव साजोळ. गावाच्या वरच्या अंगाला एक पांढरी खाण होती, खाण म्हणजे काय, बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या कोरून केलेला खड्डा. दिवाळीच्या आधी, घरात लग्न असलं की त्याआधी, त्या मातीने भिंती पोतारायच्या. सरांची आई आणि गावातल्या इतर बायका ती माती पाट्यांमधून कळवणच्या बाजारालाही न्यायच्या आणि येताना मीठ, मिरची आणायच्या. दिवाळीची रजा संपवून सर आले की त्यांच्या नखांत ते पांढरं दिसायचं. आठ-दहा दिवस ते जाऊ द्यायचे नाहीत.

"साजोळ म्हणजे काय हो?" मी एकदा विचारलं. नावाचा अर्थ विचारायची खोड मलाही लागली होती.

"साज म्हणून झाड असतं. त्याची ओळ होती म्हणे गावाच्या वाटेला. मी जन्मलो तेव्हा एकपण झाड नव्हतं." मग थोडं थांबून म्हणाले, "आता गावपण नसणार."

ते मला असं कळलं. खालच्या नदीवर धरण मंजूर झालं होतं. साजोळ पाण्यात जाणार होतं. मी माणसं बोलतात तसंच बोलले, जागा मिळेल ना दुसरी?

"मिळेल ना. सपाटीवर. घरांना नंबर पडलेत. वसाहत क्रमांक अमुक, घर क्रमांक तमुक." ते कप उजेडासमोर धरून बसले होते, पण बोट आत घातलं नव्हतं. "माणसं जातील तिकडं. गुरं जातील. देव उचलून नेतील. नाव कुठं ठेवायचं, ते काय कळत नाय बघा मॅडम."

सर इतक्या वर्षांत माझ्यासमोर 'नाय' म्हणाले ते तेव्हाच. त्यानंतर मी जेवणाच्या सुट्टीतली नक्कल बंद केली.

पुढच्या सोमवारी ते साजोळची अर्धी गोणी घेऊन एस.टी.ने आले. मॅनेजरसाहेबांना म्हणाले, केरळची माती लांबून येते, ही इथल्या इथली. मिश्रणात थोडी बसली तरी चालेल. त्यांचा बेत मला स्पष्ट दिसत होता. मिश्रणात बसली तर पोत्यावर साजोळ लिहिलं जाणार, रजिस्टरमध्ये, यादीत, कपांच्या कृतीत साजोळ येणार. धरणाच्या पाण्याला तिथपर्यंत येता येणार नव्हतं.

मॅनेजरसाहेब वाईट माणूस नव्हता. "तीन तुकडे भाजून दाखवा," म्हणाला. "पांढरे आले तर घेऊ. तुमचं गाव म्हणून नाही हं सर, वाहतूक वाचते म्हणून."

सगळी मदार त्यावरच होती. माती कच्ची असताना पांढरी दिसते त्याला अर्थ नसतो. तिच्यात लोखंड असलं तर भट्टीत ती तांबडी होते, आणि तांबड्या मातीचा पांढरा कप होत नाही. सरांनी बिस्किटाएवढे तीन तुकडे थापले, प्रत्येकाच्या पाठीवर अंगठा दाबला, ते त्यांचं नेहमीचंच होतं, आणि वाळायला ठेवले. आठवडाभर ते येता-जाता त्यांच्याकडे बघायचे. मला एक गोष्ट खटकली. येणाऱ्या प्रत्येक ट्रकची माती दातांत धरणाऱ्या या माणसाने ती अर्धी गोणी आल्यापासून तिच्यातली चिमूटही तोंडात घातली नव्हती.

तुकडे भट्टीत भरायच्या दिवशी गेटवर ट्रक आला आणि सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही भरा." मी एकटीच होते. फळीवर शेजारी केरळच्या मातीचा एक तुकडा वाळत होता, मीच थापलेला, त्याच आकाराचा. मला आधी काही सुचलंही नव्हतं. हात आपोआप गेला. साजोळचा एक तुकडा मी एप्रनच्या खिशात टाकला आणि त्याच्या जागी केरळचा ठेवला. तीनही बदलले असते, पण केरळचा एकच होता. चोरीसुद्धा मला धड जमली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भट्टी निवल्यावर सरांनी दार उघडलं. दोन तुकडे तांबूस झाले होते, जवळजवळ विटेसारखे. तिसरा शुभ्र.

सरांनी पांढरा तुकडा उचलला. त्यांनी तो जिभेच्या टोकाला लावला, उलटा केला आणि पाठीवरून बोट फिरवलं.

"याला अंगठा नाही," ते म्हणाले.

मी रडायलाच लागले. खिशातला कच्चा तुकडा काढून टेबलावर ठेवला. म्हटलं, "सर, एक जरी पांढरा आला असता, तरी त्यांनी अजून एक संधी दिली असती."

"दिली असती," सर म्हणाले. आवाज चढवला नाही. "मग पोत्यावर साजोळ लिहिलं असतं आणि आत केरळ भरलं असतं. नाही मॅडम. आपल्या हाताने नाही लिहायचं तसं." मग उलट मलाच टाकाऊ कपातून पाणी आणून दिलं. मी पाणी पीत असताना त्यांनी रजिस्टर ओढलं आणि त्यांच्या गोल अक्षरात लिहिलं: 'साजोळ. भाजल्यावर तांबूस. अमान्य.' शाई वाळेपर्यंत फुंकर मारत बसले. "नोंद तर झाली," म्हणाले.

तीही राहिली नाही. दोन हजार सालानंतर बाजारात स्वस्त कपबश्यांचा पूर आला आणि आमचा कारखाना बंद पडला. शेवटच्या आठवड्यात रद्दीवाल्याचा टेम्पो आला, त्यात रजिस्टरं गेली. आम्ही दोघं दारात उभे राहून बघत होतो. सर म्हणाले, "डोंगर चालला." मी त्या रद्दीतून ते एक रजिस्टर काढून घ्यायला हवं होतं. मला ते सुचलं नाही, आणि याची खंत मला अजून आहे.

तोवर धरण भरलं होतं. सर तिकडे एकदाच गेले, उन्हाळ्यात, पाणी उतरलेलं असताना. ते परत आल्यावर मी फोन केला तर नेहमीच्या झोपाळू आवाजात म्हणाले, "काठावर बसलो दुपारभर. पाण्याखाली पांढरं दिसत होतं. खाणच असेल. किंवा ढग असेल. मी उठून बघितलं नाही नीट."

मग आमच्या भेटी कमी झाल्या. मी एका शाळेत विज्ञान शिकवू लागले. काही वर्षांनी विज्ञान प्रदर्शनाची परीक्षक म्हणून मला कळवणला बोलावलं. काम दुपारीच आटोपलं. बाजाराचा दिवस होता आणि दिवाळी पंधरा दिवसांवर होती. एस.टी.ला वेळ होता म्हणून भाजी बघत फिरत होते, तर कडेला एक तरुण बाई गोणपाटावर पांढऱ्या मातीची ढेकळं मांडून बसलेली. मी थांबले. सहजच विचारलं, काय आहे हे?

"साजोळ शे, ताई. भित पोताराले चांगली शे. देऊ का?"

मला क्षणभर नीट ऐकू आलं की नाही तेच कळेना. "काय म्हणालात?"

"साजोळ, साजोळ." माझं मराठी शहरी आहे म्हणून मला कळत नसावं, असं समजून ती सावकाश बोलली.

"साजोळ कुठे आहे? ते गाव?"

ती हसली. शेजारच्या मिरचीवालीकडे बघून पुन्हा हसली. "गाव नही ताई ते. माटीलेच साजोळ म्हनतस."

ही माती आली कुठून, विचारलं, तर म्हणाली टेम्पोवाला आणतो, गुजरातकडून कुठून तरी. पूर्वी डोंगरातल्या बायका आणायच्या असं सासू सांगते. मी दोन ढेकळं घेतली. एस.टी.त ती मांडीवर घेऊन बसले आणि देवळ्याचं स्टँड येईपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सिडकोतल्या सरांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोने दार उघडलं. सर खिडकीपाशी खुर्चीत होते, डोळे मिटलेले, भुवया आता धुळीशिवायच पांढऱ्या. शेजारी चहाचा कप, कान वाकडा झालेला. मी काहीच न सांगता एक ढेकूळ त्यांच्या हातात ठेवलं.

त्यांनी ते अंगठ्याने चुरलं. चिमूट दातांत धरली आणि परत डोळे मिटले. गेटवर लागायचा त्याहून खूप जास्त वेळ लागला. त्यांच्या बायको ओट्यापाशी भांडं हातात धरून थांबल्या होत्या.

"ही आमची नाही," सर म्हणाले.

"माहीत आहे सर."

"आमचीला लोखंड लागायचं. जिभेच्या कडेला. लहानपणी भिंत चाटायचो ना, तेव्हापासून ठाऊक आहे."

इतकी वर्षं मला वाटत होतं की भट्टी उघडल्यावरच त्यांना कळलं. "मग भाजलीत कशाला?"

"भट्टीला वेगळं वाटलं तर, म्हणून." ते थोडेसे ओशाळून हसले. "कुठून आणलीत ही?"

मी कळवणचा बाजार सांगितला. ती बाई सांगितली. ती मातीला काय म्हणाली ते सांगितलं. सर खुर्चीत सरळ बसले.

"तिच्या बोलीत सांगा. जसं म्हणाली तसं."

माझी अहिराणी यथातथाच. तरी सांगितलं. "गाव नही ताई ते. माटीलेच साजोळ म्हनतस."

"गाव होतं हे तिला माहीत नाही?"

"नाही सर."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही. हसली माझ्यावर."

सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते, दोन्ही एकदम. हाताच्या मुठीत ते परकं ढेकूळ घट्ट धरलेलं, बोटांच्या फटींतून पांढरी भुकटी लुंगीवर सांडत होती. बायको म्हणाल्या, "अहो, चहा निवतोय." त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी डोळे मिटले, गेटवर मिटायचे तसे.

"परत सांगा मॅडम," ते म्हणाले. "काय म्हणाली ती?"

मी परत सांगितलं.